गोजराचा बुधवार

मोरा बंदराच्या कोळीवाड्यात त्या काळी नवरे दोन प्रकारचे असत: रोजचे आणि रविवारचे. रोजचे नवरे होडी घेऊन दर्यावर जात, भिजून येत, ओट्यावर जाळी विणत बसत आणि बायकोची बोलणी खात. रविवारचे नवरे मुंबईला नोकरीत. ते शनिवारी संध्याकाळच्या लाँचने येत आणि रविवारी संध्याकाळच्या लाँचने परत जात. मधल्या चोवीस तासांत त्यांची बडदास्त अशी काही चाले, की सख्खा जावई लाजावा. गोजराच्या वाट्याला असा रविवारचा नवरा आला, तेव्हा तिच्या माहेरच्यांनी वर्षभर नाकं वर करून घेतली. पोरीने नशीब काढलं म्हणत होते सगळे.

ते साल एकोणपन्नास. नवऱ्याचं नाव जयदेव. त्याच्या बापाची होडी वादळात खडकावर फुटली होती आणि दुसरी बांधायचं बळ घरात उरलं नव्हतं, म्हणून पोरगा मुंबईच्या गोदीत लागला. आगबोटीच्या अंगाचा गंज खरवडायचा आणि तिला रंग द्यायचा, हे त्याचं काम. राहायला मोऱ्याच्या लोकांनी माझगावला घेतलेली गावकीची खोली. एका खोलीत बावीस माणसं. बावीस ट्रंका भिंतीला, बावीस वळकट्या ट्रंकांवर, आणि माणसं पाळीपाळीने झोपत. अशा खोलीत बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही, हा नियम कोणी लिहून लावलेला नव्हता. लावायला भिंत तरी कुठे रिकामी होती.

रोज ये-जा का करू नये, असं लांबच्या माणसाला वाटेल. मोऱ्याहून मुंबई दिसते की. पण पहिली लाँच उजाडल्यावर सुटे आणि गोदीचा भोंगा त्याच्या आधी वाजे. संध्याकाळी उलट; अर्ध्या दिवसाने सुट्टी होई ती फक्त शनिवारी. गोजरा कधी सुक्या मासळीची टोपली घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेलीच, तरी नवरा गोदीच्या भिंतीच्या आत आणि ही बाहेर. त्याची सुट्टी व्हायच्या आत हिची शेवटची लाँच सुटायची. भिंतीकडे बघून ती परत यायची. संध्याकाळी मोऱ्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे लागताना दिसत, आणि त्यातला एक तरी दिवा आपल्या माणसाच्या डोक्यावर असेल, असं तिला वाटे. कोणता, ते काही कळायचं नाही.

जयदेव वाईट होता असं मुळीच नाही. उलट फार चांगला होता, तीच तर पंचाईत. रविवारी तो हसतमुख असे, मीठ-मिरचीला नावं ठेवत नसे, आईच्या पायाशी बसे, मित्रांत बसे, लेक झाल्यावर तिला खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर फिरे. सगळ्यांना थोडा थोडा वाटून झाला की उरलेला नवरा गोजराच्या पदरात पडे, तोवर लाँचची घंटा व्हायची. घंटा झाली की तो पायरीवरून एकदा मागे बघायचा. बस, एवढंच.

शेजारच्या गंगूचा नवरा रामचंद्र मात्र रोजचा. त्यांच्या घरात आठवड्यातून चार संध्याकाळी भांडण. एका बुधवारी गंगू तणतणत गोजराच्या ओट्यावर येऊन बसली. नवऱ्याने कालवणात मीठ कमी म्हणून ताट सरकवलं होतं.

"ह्यो मानूस मना नको झालाय बग," गंगू म्हणाली. "दिस उगवला का ह्याचा तोंड, दिस मावलला का ह्याचा तोंड."

गोजराने तिला पाणी दिलं, समजूत घातली आणि आत येऊन चुलीपुढे बसली. तिला चक्क हेवा वाटत होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि जयदेवशी तिचं एकदाही भांडण झालेलं नव्हतं. भांडायला वेळ कुठे होता. पाहुण्याशी कोणी भांडतं का? तेव्हापासून तिच्या मनाने एक वेड घेतलं. आपला नवरा एका बुधवारी घरी यावा. सणाला नाही, सुट्टीला नाही, आजारी म्हणून नाही. साधा कामावरून दमून, वैतागून, घामट अंगाने यावा, जेवावा, कुरकुरावा आणि झोपावा. लोक देवीला पाळणा मागतात, होडी मागतात. हिने एकवीरेला बुधवार मागितला.

देवीने ऐकलं म्हणायचं. छप्पन साली पौषातल्या एका रविवारी जयदेव ओट्यावर बसून आईला सांगत होता, "माजगावला सुमित्राबाय म्हनून एक बाय हाय. रत्नांग्रीची. नवरा गेलाय तिचा. खोलीच्या मधी फल्यांची भिंत घालून आर्दी खोली भाड्यानं देतंय. पागडी नाय मागत."

"पागडी नाय तं ती खोली कसली," म्हातारी चंद्राबाई म्हणाली. "कोंबड्यांचा खुराडा असंल."

"खुराडाच हाय, आय. पन आपला."

दाराआड गोजराच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

म्हातारी मनाने वाईट नव्हती, पण तिने चार पावसाळे जास्त पाहिले होते. तिने एकच विचारलं, "भाडा भराल, न खाल काय?" कारण पगाराचा तिसरा हिस्सा त्या अर्ध्या खोलीच्या भाड्यात जाणार होता. मोऱ्यात तांदूळ जासईच्या शेतकऱ्याकडून सुक्या मासळीच्या बदल्यात यायचे, मीठ मिठागरावरून, सरपण मागच्या झाडीतून, पाणी विहिरीचं. मुंबईत पाण्याच्या नळासाठीसुद्धा भाड्यात भर होती. उरलेल्या पगारात तिघांनी मुंबईचं विकतचं खायचं म्हटलं, तर महिन्याचे शेवटचे दहा दिवस एकादशी. जयदेव मान खाली घालून म्हणाला, "बगू, पुडच्या साली." आणि लाँचला निघून गेला.

पण गोजरा कोळ्याची पोर होती. हातातोंडाशी आलेला बुधवार ती असा सोडणार होती थोडीच! आठवडाभर तिने विचार केला आणि पुढच्या शनिवारी नवरा लाँचमधून उतरतो न उतरतो तोच त्याला धक्क्यावर गाठलं.

"अवो, आपन पावसाल्याला बेगमी करताव ना? चार म्हयने दर्या बंद, तरी कोन उपाशी मरतो काय? मंग तीच बेगमी मुंबयला न्याची. वरीसभराची. तुमी फकस्त भाडा भरा. खावाचा मी बगतंय."

जयदेवने तिच्याकडे बघितलं आणि तो तिथेच पायरीवर हसायला लागला. इतकी सोपी गोष्ट बावीस माणसांपैकी एकालाही सुचली नव्हती.

त्या उन्हाळ्यात गोजराने जे काम केलं, ते कोळीवाड्याने नंतर कित्येक वर्षं आठवणीत ठेवलं. वाळवणाच्या दोऱ्यांवर, वलांड्यांवर, बोंबील टांगायला ती पहाटे सगळ्यांच्या आधी आणि काढायला सगळ्यांच्या शेवटी. जवळा वाळवला, आंबाड वाळवली, मांदेली वाळवली. वाळलेल्यातली निम्मी मासळी घेऊन जासईला पायी गेली आणि पायलीला पायली घासाघीस करून तांदूळ आणले. मीठ, चिंच, नारळ, मसाला, अगदी भाजलेले काजूसुद्धा. मैना तेव्हा सहा वर्षांची. ती आईमागे हिंडत विचारायची, "आये, मुंबयला कायच नाय मिलत?" गोजरा म्हणायची, "मिलतं गो. पन आपल्यासाठी नाय."

ज्येष्ठ लागता लागता, वारा फिरायच्या आत, देवजी तांडेलाच्या मचव्यात सगळं भरलं. तांदळाच्या सहा गोण्या, मासळीचे सात करंडे, मिठाची दोन पोती, नारळांचा ढीग, सरपणाच्या मोळ्या. देवजी म्हणाला, "वयनी, मानसांना जागा ठेवलंस काय?" सगळे हसले. त्या वेळी ती थट्टाच होती.

चंद्राबाई निरोप द्यायला धक्क्यावर आली. सुनेच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "चूल पेटती ठेव." हे मोऱ्यातल्या सगळ्याच म्हाताऱ्या सगळ्याच सुनांना म्हणत, त्यामुळे गोजराने त्याच्याकडे विशेष लक्ष दिलं नाही.

माझगावची ती अर्धी खोली दुसऱ्या मजल्यावर होती. हातगाडीवरून माल वर चढवायला दुपार गेली. पहिली गोणी गेली, दुसरी गेली. चौथ्या गोणीला सुमित्राबाई फळीच्या भिंतीमागून डोकावल्या. पांढरी साडी, चष्मा, हातात जपमाळ.

"अहो बाई, तुम्ही राहायला आलात की दुकान घालायला?"

"बेगमी हाय," गोजरा अभिमानाने म्हणाली.

"मासळी मीही खाते हो. पण एवढी?" त्यांनी करंडे मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "बरं, एक सांगून ठेवते. भिंत लाकडाची आहे. चूल पेटवायची नाही. स्टो तेवढा चालेल."

म्हणजे सरपणाच्या मोळ्या फुकट आल्या. त्या खाली जिन्याजवळ ठेवल्या, त्या संध्याकाळपर्यंत कोणीतरी उचलून नेल्या. असो. गोजराचा आनंद मोळ्यांनी कमी होणारा नव्हता. तिने गोण्या रचल्या, गोण्यांवर करंडे रचले, करंड्यांच्या फटीत नारळ बसवले, स्टोवर भात टाकला आणि दारात उभी राहून नवऱ्याची वाट बघायला लागली. सात वर्षं जी वाट धक्क्यावर उभं राहून बघितली, ती आज जिन्याच्या तोंडाशी. केवढा फरक!

जयदेव आला. त्याने दारातून आत बघितलं. गोजराच्या चेहऱ्याकडे बघून त्याने "झकास" म्हटलं, गॅलरीत बसून हात धुतले आणि उंबरठ्यावर बसून जेवला, कारण आत ताट ठेवायला जागा नव्हती. जेवण झालं. मैनाला झोप आली. गोजराने दोन गोण्यांच्या मधल्या बोळकांडीत तिला निजवलं. तिच्या पायथ्याशी स्वतःपुरती, गुडघे पोटाशी घेऊन, जागा केली. आणि मग तिच्या लक्षात आलं. जयदेव आपली वळकटी काखेत धरून उभा होता. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गॅलरीत शेजारचे चार पुरुष आधीच पसरलेले.

"आजची रात मी गावकीच्या खोलीत जातंय," तो म्हणाला. "उद्या जरा सरकवू."

उद्या सरकवून काय होणार होतं? गोणी सरकवली की करंडा आडवा येई, करंडा उचलला की नारळ गडगडत. आठ दिवस खटपट केली आणि मग दोघांनीही तो विषय काढायचा सोडून दिला. जयदेव कामावरून येई, उंबरठ्यावर बसून गरम भाकरी खाई आणि वळकटीसाठी गावकीच्या खोलीत जाई. एकदा जाता जाता तो गोणीवर थाप मारून म्हणाला, "भाडा मी भरतंय न ऱ्हातान तांदूल." तो हसला म्हणून तीही हसली. तो जिना उतरला, आणि तिचे डोळे भरून आले. समोर दर्या असताना लांब राहणं समजत होतं तिला. पण आता मधे फक्त सहा गोण्या होत्या, आणि त्या तिनेच वाहून आणल्या होत्या.

बरं, सगळं देऊन टाकावं म्हटलं, तर खायचं काय? बाजारात एकदा ती सहज हिंडून आली. मासळी बाजारात कुलाब्याची एक कोळीण बोंबील विकत होती. गोजराने भाव विचारला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. कोळ्याच्या सुनेने मासळीचा भाव विचारायचा! त्यात तो भाव असा, की चार दिवसांच्या कालवणाच्या पैशात मोऱ्याला महिना निघाला असता. कोळणीने तिच्या लुगड्याच्या कासोट्याकडे बघून ओळखलं. "कंची गो तू? मोऱ्याची? मोऱ्याची असून इकत घेतंस?" गोजरा तशीच परत फिरली आणि घरी येऊन गोण्यांना टेकून बसली.

आषाढ कोसळायला लागला. एके दिवशी वरच्या करंड्यात हात घातला, तर बोंबील बोटांना मऊ लागले. तिने झटकून वास घेतला. खालचा करंडा उघडला, तिथे जवळ्याला बुरशी. तांदळाच्या गोणीतून पोरकिडे भिंतीवर चढत होते. मीठ पाझरून फरशीवर ओघळ आला होता. गोजराला काही समजेना. तेच बोंबील, तसेच वाळवलेले, तिच्याच हातचे. मोऱ्याला दिवाळीपर्यंत कडकडीत राहायचे!

आणि मग एकदम म्हातारीचे शब्द आठवले. चूल पेटती ठेव. मोऱ्याच्या घरी बेगमी चुलीवरच्या माळ्यावर असे. दोन वेळच्या चुलीचा धूर चारही महिने तिच्यातून फिरे, आणि त्या धुराने घरातल्या बायकांचे डोळे चुरचुरत. बायका धुराला शिव्या घालत, माळ्यावरचे बोंबील काढत, आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कोणाला बोलून दाखवायची कधी गरजच पडली नव्हती. गोजराने मचव्यात सगळं भरलं होतं. धूर तेवढा भरायचा राहिला होता.

सुमित्राबाई वासाने आत आल्या, तर ही बुरशीच्या ढिगात बसून रडत होती. त्यांनी जपमाळ खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि वाईट एकीकडे, बरं एकीकडे करायला बसल्या. तेवढं बाई म्हणून त्यांचं ऋण मानायला हवं.

"रोजचं रोज आणावं हो इथे," त्या हलकेच म्हणाल्या. "मुंबईत बेगमी करत नाहीत. तेवढी जागा असती, तर मी माझी अर्धी खोली दिली असती का?"

बरं असं फारच थोडं निघालं. दीड गोणी तांदूळ, तेही पाखडून. बाकीचं दोन हमालांनी खाली नेलं. गोजराने फरशी घासली, तीनदा पाणी फिरवलं. आणि मग बघते तर काय, खोलीत जागा! माणूस पाय पसरून झोपेल एवढी सरळ, मोकळी जागा. तिने विचारलं, "मैना, आज वार कंचा गो?" मैना शाळेत जायला लागली होती. तिने बोटांवर मोजून सांगितलं, "बुधवार."

त्या संध्याकाळी जयदेव आला तो गंजाने लाल झालेला आणि मुकादमावर चिडलेला. दारातून आत बघून थबकला. बेगमीचं काय झालं, ते त्याला जिन्यातच कळलं असावं. आत आला, जिथे गोण्या होत्या तिथे भिंतीला टेकून पाय लांब केले आणि डोळे मिटून बसला. गोजराने ताट ठेवलं. पहिला घास घेऊन त्याचं तोंड वाकडं झालं.

"मीठ नाय घातलंस?"

"हाय की."

"कुठं हाय? पानी हाय नुसता. दिसभर गंज खाल्ला, न घरी आलो तं ह्यो पानी."

"मंग गंजच घालाचा होता कालवनात," गोजरा फणकारली.

आणि दोघं भांडली. चांगली, तोंड भरून, सात वर्षांची उधारी चुकवल्यासारखी भांडली. मिठावरून मुकादमावर गेली, मुकादमावरून तिच्या माहेरावर. फळीपलीकडे सुमित्राबाईंची जपमाळ थांबली. मग जयदेवने भाकरीचा शेवटचा तुकडा मोडला, आणि तो तोंडात घालायच्या आत त्याची मान भिंतीवर कलली. हात उष्टाच. गोजराने ओल्या फडक्याने एक एक बोट पुसलं. नखांतला गंज काही निघाला नाही. तो घोरायला लागला. हा माणूस घोरतो, हे तिला सात वर्षांत ठाऊक नव्हतं. ती तिथेच बसून राहिली. एवढं सुख तिने आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण सांगून कोणाला पटलं असतं?

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं उगीच नाही म्हणत. दीड गोणीत तिघांचं वर्ष निघत नव्हतं. आता रोजचं रोज आणायचं, म्हणजे विकत. गुरुवारी सकाळी जयदेव मुकादमाच्या हातापाया पडला आणि त्याने डबल पाळी मागून घेतली. पहाटे जायचा, तो परत यायचा तेव्हा मायलेकी झोपलेल्या असत. भाकरी झाकून ठेवायची, सकाळी ताट रिकामं दिसलं की तो येऊन गेला म्हणायचं. जागेपणी दिसायचा तो फक्त रविवारी. त्या रविवारी तो हसतमुख होता. कालवणात मीठ पुन्हा कमी पडलं होतं, तरी त्याने "झकास" म्हटलं.

तो शब्द ऐकला आणि गोजराने मनातल्या मनात परतीचं गाठोडं बांधलं.

नारळी पौर्णिमेला तिघं मोऱ्याला आली. दर्याला नारळ वाहिला, होड्या सजल्या, नाचगाणं झालं. संध्याकाळी जयदेव लाँचला निघाला, तेव्हा गोजरा सोबत रिकाम्या हाताने आली.

"तुजा बोचका?" त्याने विचारलं.

"मी नाय येत. तुमी थंय पन रविवारचंच. मंग त्यासाठी भाडा कशाला भराचा?"

जयदेव धक्क्यावर उभा राहिला. "पुडच्या साली," तो म्हणाला. "पागडीची खोली बगू. चुलीची. माल्याची."

"बगू," गोजरा म्हणाली. "जावा आता. लाँच सुटंल."

तो पायरीवरून एकदा मागे बघून गेला.

पुढच्या साली पागडी वाढली. त्याच्या पुढच्या साली आणखी वाढली. जयदेवने डबल पाळ्या केल्या, विडी सोडली, पण खोलीचे भाव किनाऱ्यावरच्या खेकड्यासारखे. आपण दोन पावलं टाकावी, तर ते चार पावलं पुढे. साठ साल उजाडलं, महाराष्ट्र झाला, मोऱ्यात पेढे वाटले. चंद्राबाई गेली. सुमित्राबाईंनी अर्धी खोली एका शिंप्याला दिली. खोलीचा विषय हळूहळू रविवारच्या बोलण्यातून निघून गेला. कधी गेला, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. गोजरा माळ्यावर बेगमी ठेवत होती, धुराने डोळे पुसत होती, आणि ते पुसणं सगळंच धुराचं होतं असंही नाही.

अडुसष्ट साली मैना अठरा वर्षांची झाली. तिला स्थळ आलं, आणि कोळीवाड्याने नाकं वर करावी असं आलं. मुलगा मुंबईला एका कारखान्यात, पगार जयदेवच्या दुप्पट, हातात घड्याळ. रविवारी ओट्यावर बोलणी बसली. मध्यस्थ गोटीराम; कोळीवाड्यातली निम्मी लग्नं त्यानेच जुळवलेली. त्याने मुलाचं असं काही वर्णन केलं, की ऐकणाऱ्यांनी विडी विझवली. सुपारी फुटायचीच बाकी होती. तेवढ्यात दाराआडून गोजरा बोलली. बैठकीत बाईमाणूस बोलत नसे, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले.

"पोरगा बुधवारी घरी येतो काय?"

गोटीरामला वाटलं, बाईला ऐकू कमी येतं. "अवो वयनी, मुंबयला हाय तो. गावकीच्या खोलीत. रविवारी येनार ना. तुमचा मानूस येतो तसा."

कोणीतरी हसलं. जयदेव हसला नाही. तो खाली बघत होता, आपल्या नखांकडे. बारा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ त्याला आठवत असेल, असं गोजराला कधीच वाटलं नव्हतं. तो तर झोपला होता. जयदेवने पुढ्यातली सुपारी उचलून गोटीरामच्या हातात परत दिली.

"माज्या बायकूला आक्या जल्मात एकच बुधवार मिलाला," तो म्हणाला. "त्या दिशी पन मी भांडलो न झोपलो. पोरीला असा नको, गोटीराम."

मैनाचं लग्न मोऱ्यातच वामनशी झालं. वामन लाँचवर खलाशी. पगार बेताचा, हातात घड्याळ नाही. पण शेवटची लाँच रात्री मोऱ्यालाच मुक्कामाला असे, दोर बांधला की तो घरी. लोकांनी गोजराला वेड्यात काढलं.

लग्नानंतरच्या एका बुधवारी दिवेलागणीला ती चुलीपुढे बसली होती. पलीकडच्या गल्लीतून मैनाचा आवाज चढलेला ऐकू आला. कधीचं जेवण गार झालं, दोर बांधायला एवढा वेळ लागतो का, असं काहीसं. वामनही मागे हटत नव्हता. शेजारची भागीरथी म्हातारी काठी टेकत गोजराच्या दारात आली. "गो, तुजी पोरगी नवऱ्याशी भांडतंय, जाऊन सोडव."

"भांडू दे," गोजरा म्हणाली.

तिने बाहेर येऊन एकदा पाण्यापलीकडे बघितलं. मुंबईचे दिवे लागत होते, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. मग ती आत गेली आणि तिने तव्यावर एक भाकरी टाकली, एकटीपुरतीच. जयदेवच्या नोकरीची अजून चौदा वर्षं बाकी होती.